पहिले हजार किलोमीटर

संभाजीनगरच्या शोरूममधून नवी गाडी घेऊन पैठणला घरी यायचं म्हणजे पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. हँडलला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, मागे भाऊ नाहीतर मित्र आणि त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. नक्षत्रवाडी मागे पडली की हात सैलावतो, आणि चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत घर येईपर्यंत अ‍ॅक्सिलेटर एकाच जागी पिळून धरावासा वाटतो. नेमका हाच प्रवास इंजिनासाठी सगळ्यात नाजूक असतो. त्या दिवशी आणि पुढच्या महिनाभरात इंजिनाच्या आत जे बसतं, ते पुढची दहा-पंधरा वर्षं तसंच राहतं.

ज्यांच्या घरी ही पहिलीच गाडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शंभर-एकशे दहा सीसीची, हप्त्यावर घेतलेली. पैठणच्या नाहीतर वाळूजच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारी, सुटीच्या दिवशी शेतात, संध्याकाळी डेअरीवर. अशा घरात गाडी थांबली की रोजगारही थांबतो. महागड्या गाडीवाल्याला दुर्लक्ष परवडतं, आपल्याला परवडत नाही.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरकस रेघा ओढलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल टिकून राहतं. पिस्टनवरच्या रिंगा सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये त्या भिंतीवर घासत घासत तिच्याशी नेमक्या जुळतात. गिअरचे दातही एकमेकांवर असेच बसतात. नव्यानं टाकी लावलेल्या जात्यातलं पहिलं पीठ आमची आजी बाजूला काढायची, कारण त्यात कच असायची. नव्या इंजिनाचंही तसंच आहे. पहिल्या घासणीत धातूची बारीक कच ऑइलमध्ये उतरते, आणि खूप उष्णता तयार होते. रन-इन म्हणजे ही घासणी बेताने होऊ देणं आणि ती कच वेळेवर बाहेर काढणं.

म्हणून पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत काटा पंचेचाळीसच्या आसपास थांबवा. पहिल्या गिअरमध्ये दहा-पंधरा, दुसऱ्यात वीस-पंचवीस, तिसऱ्यात तीस-पस्तीस आणि चौथ्यात चाळीस-पंचेचाळीस, असा साधारण हिशेब ठेवा. हजार किलोमीटरपर्यंत पन्नास-पंचावन्न चालेल. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात काही वेगळं छापलं असेल, तर माझं सोडा आणि पुस्तकाचं ऐका. ते पुस्तक बहुतेक घरांत सीटखाली नाहीतर फडताळात पडून राहतं. एकदा अर्धा तास काढून ते वाचाच.

वेगाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेग बदलता ठेवणं, आणि ती फार कमी जण सांगतात. आपला रस्ता सपाट आहे, घाट नाही, वळणं मोजकी. चाळीसवर काटा लावून तासभर एकाच चालीनं जाणंही नव्या इंजिनाला मानवत नाही. जळणाऱ्या वायूचा दाब रिंगांना भिंतीकडे ढकलतो. तो दाब कधी वाढला, कधी उतरला तर रिंगा सगळीकडे सारख्या बसतात. म्हणून थोडा वेळ पस्तीस, मग पंचेचाळीसपर्यंत हळूच न्या, अ‍ॅक्सिलेटर सोडा, गाडी आपोआप तीसवर येऊ द्या, पुन्हा चढवा. मागचं-पुढचं पाहून हे करायचं, भर ट्रॅफिकमध्ये नाही. पहिल्या दिवशी बिडकीनला थांबून चहा घ्या. दहा मिनिटं इंजिनाला वारा लागू द्या.

‘रेस करू नको’ हे सगळे सांगतात, पण उलटी चूकही तितकीच वाईट आहे. बिडकीनच्या बाजारातून गाडी वीसच्या वेगानं चौथ्या गिअरमध्येच रेटणारे कितीतरी दिसतात. इंजिन धडधडतं, हँडल थरथरतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं की आपण गाडी जपतो आहोत. तसं नाही. वेग उतरला की गिअर उतरवा. खालच्या गिअरमध्ये मोकळं फिरणारं इंजिन वरच्या गिअरमध्ये गुदमरणाऱ्या इंजिनापेक्षा सुखी असतं.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्याच दिवशी मागे मावसभाऊ आणि मध्ये खताचं पोतं घेऊन मी पाचोडला गेलो, आणि परतताना काटा सत्तरच्या खाली येऊ दिला नाही. गाडी कुठे बंद पडली नाही, म्हणून काही बिघडलं नाही असं वाटलं. वीस हजारांच्या पुढे सकाळी सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, ऑइल कमी होऊ लागलं आणि शेवटी बोअर-पिस्टनचं काम निघालं. सगळा दोष त्या एका फेरीचा होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण शेजारच्या काकांनी त्याच महिन्यात घेतलेली तशीच गाडी साठ हजारांनंतरही धूर टाकत नव्हती, आणि पहिले दोन महिने त्यांनी तिच्यावर स्वतःशिवाय कोणाला बसू दिलं नव्हतं.

वजनाचं गणित एकदा कागदावर मांडून पाहा. या वर्गातल्या गाड्यांची वजन वाहायची मर्यादा साधारण एकशे तीस किलो असते, आणि त्यात चालवणाराही धरलेला असतो. चाळीस लिटरचे दुधाचे दोन कॅन भरले की ऐंशी किलोच्या वर झाले, कॅनचं वजन वेगळं. चालवणारा पासष्ट किलोचा धरला तरी मर्यादा ओलांडली. मुरलेली गाडी हे ओझं कुरकुरत ओढते. नवी गाडीही ओढेल, पण त्याची किंमत रिंगा, क्लच प्लेट आणि मागच्या चाकाचे आरे मोजतील. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये कॅन असतील तर फेऱ्या दोन करा. कापसाचं गाठोडं आणि ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं यांचा तर तोलही बिघडतो.

नाथषष्ठीला, फाल्गुन वद्यात, गाव दिंड्यांनी भरून जातं. गाडी तेव्हाच घेतली असेल तर गर्दीत तिला नेऊच नका. या गाड्यांचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, आणि पायी चालण्याच्या वेगात वारा लागत नाही. अर्धा क्लच दाबून इंच इंच सरकताना क्लच प्लेटी नुसत्या जळतात. गाडी गर्दीच्या बाहेर लावा आणि दर्शनाला पायी जा.

आता ऑइल. सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑइल असतं. त्यातलं दोनशे मिली कमी झालं तर पाचवा हिस्सा गेला, आणि तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांनाही पुरवायचं असतं. पहिली सर्व्हिसिंग साधारण पाचशे ते साडेसातशे किलोमीटरला, नाहीतर पुस्तकात दिलेल्या दिवसांच्या आत, जे आधी होईल तेव्हा करायची. ती फुकट असते, पण ऑइलचे पैसे बहुधा द्यावे लागतात. तेवढ्यासाठी ती पुढे ढकलणारे लोक मी पाहिले आहेत. जात्यातली ती कच याच ऑइलमध्ये असते. ती पुढे दोन हजार किलोमीटर फिरवत ठेवायची आणि गाडी टिकावी अशी अपेक्षा करायची, हे जमायचं नाही. सर्व्हिसिंगच्या दिवशी शक्यतो तिथे थांबा. जुनं ऑइल गरम इंजिनातून पूर्ण गळू द्यायला सांगा, आणि नवा डबा डोळ्यांसमोर फोडून घ्या. कूपनवर शिक्का आणि किलोमीटरचा आकडा पडला की नाही तेही पाहा, कारण वॉरंटीचा दावा त्यावरच उभा राहतो.

ऑइलचा नंबर पुस्तकात असतो, बहुतेक गाड्यांना १०डब्ल्यू-३०, काहींना २०डब्ल्यू-५०. मोटारीचं उरलेलं ऑइल गाडीत घालू नका. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि मोटारीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्यांनी क्लच घसरायला लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असं छापलेलं असलं की ते मोटारसायकलचं ऑइल समजावं. पुढच्या बदलाचं अंतर पुस्तकात पाच-सहा हजार किलोमीटर दिलेलं असलं, तरी शेतरस्त्याची धूळ आणि मे महिन्यातलं आपलं ऊन पाहता मी तीन हजारांच्या पुढे जात नाही. पातळी दर पंधरा दिवसांनी पाहायची. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा, दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच पट्टी पुसून बुडवा. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी खोटी असते.

इथे घरातल्या वडीलधाऱ्यांशी थोडा वाद होतो. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी एम-८० आली. आपल्याकडच्या एका पिढीचं दूध, भाजी, शाळा, दवाखाना सगळं त्या गाडीवर चाललं. ती टू-स्ट्रोक होती, तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं. त्या सवयीनं आजही कोणी प्रेमानं सांगतं, ‘पहिल्या टाकीला थोडं ऑइल टाक, इंजिन मऊ राहील.’ आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत हे अजिबात करू नका. प्लग काळा पडेल, आणि १ एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमधलं धूर शुद्ध करणारं यंत्र आणि सेन्सर खराब होतील. ते भाग महाग आहेत.

एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या, गाडीची आणखी एक सवय लावून घ्या. किल्ली फिरवली की टाकीतल्या पंपाचा हलका घुंघुं आवाज येतो आणि मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो. तो आवाज थांबू द्या, मग स्टार्टर दाबा. सकाळी अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू द्या. अ‍ॅक्सिलेटर पिळून गरम करू नका, कारण ऑइल तोपर्यंत वर पोचलेलं नसतं. आणि टाकी कोरडी होईपर्यंत गाडी ओढू नका. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानंच थंड राहतो.

अ‍ॅव्हरेजची घाई पहिल्या महिन्यात करू नये. इंजिन बसेपर्यंत ते कमीच भरतं, आणि शोरूममध्ये भांडण करून वाढत नाही. दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतर टाकी तोंडापर्यंत भरा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरा आणि भागाकार करा. चालवायची पद्धत बरी असेल तर साठ-सत्तर मिळायला हरकत नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आपल्या उसातूनही ते बनतं. इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज किंचित उतरतं, आणि ते पाणी ओढून घेतं. म्हणून पावसाळ्यात टाकीचं झाकण नीट लागतं ना ते पाहा, आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

ऑइलनंतर चेन. स्वस्त गाडीच्या चेनला आतून वंगण बंद करणारे रबरी छल्ले बहुधा नसतात, त्यामुळे तिला बाहेरून ऑइल द्यावंच लागतं. नव्या चेनचा ताण पहिल्या पाचशे किलोमीटरमध्येच बऱ्यापैकी सैल होतो. चेनकव्हरला खालून रबरी बुच असतं, ते काढून बोटानं चेन वर-खाली करून पाहा. साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. चाक थोडं थोडं फिरवत चार ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरायचं. फार ताणलेली चेन सैल चेनइतकीच वाईट, ती बेअरिंग खाते. दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर त्याच संध्याकाळी, नव्वद नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं चेनच्या आतल्या बाजूला लावा आणि जादाचं पुसून घ्या. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चेनला लावायची पद्धत सोडून द्या. त्यात कच असते. मेकॅनिकनं चेन ओढून दिली की मागचं चाक हातानं फिरवून पाहा. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो, ब्रेक धरून राहतो, आणि गाडी का ओढत नाही हे आठवडाभर कळत नाही.

नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर एक गुळगुळीत थर असतो. पाऊस असेल तर वळणावर गाडी फार कलवू नका. ब्रेकचे लायनरही ड्रमवर बसायला वेळ घेतात, त्यामुळे सुरुवातीला थांबायला अंतर जास्त लागतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, अशी सोय बंधनकारक आहे. ती आहे म्हणून हाताचा ब्रेक विसरू नका, खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना पाहायची. एकट्यासाठी बहुधा पुढे पंचवीस आणि मागे अठ्ठावीस लागते, डबलसीटला मागे जास्त. नेमका आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते आणि आपल्या बांधांवर वेडी बाभूळ. शेतातून आल्यावर टायर एकदा फिरवून पाहायला मिनिट पुरतं.

मराठवाड्याच्या काळ्या मातीचा एक खास त्रास आहे. पहिल्या पावसात शेतरस्त्यावर गाडी घातली की चिकण माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसते, चाक जाम होतं. तेव्हा क्लच धरून इंजिनाच्या जोरावर चाक फिरवू नका. उतरा, काडीनं माती काढा आणि मग पुढे जा. घरी आल्यावर माती ओली असतानाच धुवा. वाळली की ती सिमेंटसारखी होते आणि खरवडताना रंग जातो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मारू नका. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची नळी चाकाच्या मधोमध, मीटरवर आणि सायलेन्सरच्या तोंडात मारू देऊ नका. धुतल्यावर पहिले शंभर मीटर ब्रेक हलके दाबत जा, ड्रम कोरडे होतात.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. काही गाड्यांचा कागदी फिल्टर तेलकट लेप दिलेला असतो. तो हवेनं झटकायचा नसतो आणि धुवायचा तर मुळीच नसतो, खराब झाला की बदलायचा. फोमचा असेल तर धुता येतो. आपला कोणता ते पुस्तकात पाहा, कारण गॅरेजमध्ये सगळ्यांनाच हवेचा पाइप लावला जातो.

पैठणकरांना पुराविषयी वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २००६ आणि सप्टेंबर २०२५, दोन्ही वेळा जायकवाडीतून सोडलेलं पाणी गावात शिरलेलं आपण पाहिलं आहे. इशारा मिळाला की माणसं आणि जनावरं हलवताना गाडीही उंचावर न्या. आणि गाडी पाण्यात बुडालीच, तर पाणी उतरल्यावर किल्ली फिरवायची नाही, किकही मारायची नाही. आत पाणी साठलं असेल तर पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, गाडी ढकलत गॅरेजला न्या, प्लग काढून पाणी बाहेर घालवू द्या. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. ते काढून नवं घाला, थोडा वेळ चालवून तेही बदला. विम्याचा दावा करायचा असेल तर गाडी सुरू करून पाहण्याआधीच कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. बुडालेली गाडी सुरू करून इंजिन मोडलं, तर तो खर्च नाकारला जाऊ शकतो.

विम्यात मोठी फसगत होते ती पाच वर्षांच्या आकड्यानं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो, पण ती पाच वर्षं फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानाची. स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, पूर, हे सगळं बहुतेक पॉलिसींत पहिल्या वर्षानंतर संपतं. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा असतात, त्या दोन्ही आजच पाहा. दहाव्या-अकराव्या महिन्यात नूतनीकरणाची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा. पीयूसीची गरजही गाडीला एक वर्ष झालं की सुरू होते, दोन्हीची आठवण जोडीनंच राहील. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यातून वाचलेल्या पैशांतून सीट कव्हर आणि लेगगार्ड घेण्याआधी आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेट घ्या, मागे बसणाऱ्याचं धरून.

आणि शेवटचा हप्ता फिटला की फायनान्स कंपनीकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मागून घ्या. आरसीवरचा कर्जाचा बोजा आपोआप उतरत नाही, तो आरटीओकडे अर्ज करून उतरवावा लागतो. एनओसीची मुदतही मर्यादित असते, म्हणून कागद हातात पडल्यावर त्याच आठवड्यात तेवढं काम उरकून टाका.